नियतीच्या नावावर

शोकांतिका हा विषय मी वर्ध्याच्या एका महाविद्यालयात जवळजवळ तीस वर्षे शिकविला. पहिल्या तासाला फळ्यावर दोन शब्द लिहायचे, एका बाजूला ‘अपघात’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नियती’. आणि मुलांना सांगायचे की माणूस दोहोंनीही मरतो, पण शोकांतिका होते ती दुसऱ्याने. हा माझा ठरलेला पाठ होता. त्यावर मी लेखही लिहिले आणि ते लेख वाचून काही जाणकारांनी मला बरी पत्रेही पाठविली. आज त्या पाठातील एक चूक मला जाहीरपणे दुरुस्त करावयाची आहे. ती मला एका विद्यार्थ्याने दाखविली, आणि तीही वर्गात नव्हे.

हा मुलगा आर्वी तालुक्यातील एका खेड्यातून एसटीने येत असे. एका हिवाळ्यात तो दीड-दोन महिने दिसला नाही आणि आला तो डोक्याचे केस काढलेला. आई गेली होती. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, “नियतीपुढे कोणाचे काय चालते, बाबा!” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “नियती नाही जी सर. आठ महिने उशीर झाला आम्हाले.”

मग त्याने ते आठ महिने मला सांगितले. पाळी जाऊन दोन वर्षे झाल्यावर आईच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागले ते जेठात. पेरणी तोंडावर होती. मग निंदण. गावातल्या डॉक्टराने सुया दिल्या, तांबड्या गोळ्या दिल्या. चार दिवस बरे वाटले. दिवाळी होऊ दे, असे घरात ठरले. दिवाळी झाली, शेतात सीतादही झाली आणि वेचणी सुरू झाली. वेचणीचे दिवस म्हणजे बाईच्या हाती रोकड येण्याचे दिवस. ते सोडून दवाखान्यात कोण जाईल? कमरेत कळ धरून तिने कापूस वेचला. मोठ्या दवाखान्यात पोहोचली तेव्हा रोग तिसऱ्या अवस्थेत होता. किरणोपचार सांगितले: आठवड्याचे पाच दिवस, असे पाच आठवडे. उपचाराला पैसे पडणार नव्हते. पण सोबत एक माणूस हवा, त्याची मजुरी बुडणार. राहायचे कुठे, खायचे काय, घरी गुरांना पाणी कोणी दाखवायचे? तीन आठवड्यांनी ती घरी परतली ती पुन्हा गेली नाही.

ह्या हकिकतीत मी कोणाला खलपुरुष करू शकत नाही. जे मोठे रुग्णालय तिच्या वाट्याला आले, त्याने तिला परत धाडले नव्हते. तरीही ती मेली, आणि मी, शोकांतिकेचा प्राध्यापक, तिचे मरण नियतीच्या नावावर लिहून मोकळा झालो. तेव्हापासून मी आपल्या कथा-चित्रपटांतील दुखणी नव्याने वाचू लागलो. त्या वाचनाचा हा वृत्तान्त आहे.

प्रथम ज्या कलाकृतीने आपल्या दोन-तीन पिढ्यांची कर्करोगाविषयीची कल्पना घडविली तीच घेऊ. ‘आनंद’ हा हृषीकेश मुखर्जींचा चित्रपट १९७१ चा. हिंदी असला तरी मुंबईचा, आणि रमेश देव व सीमा देव त्यात असल्यामुळे मराठी घरांना अधिकच आपला वाटलेला. आतड्याचा कर्करोग झालेला एक हसरा तरुण मुंबईस येतो, भेटेल त्याला जीव लावतो आणि जातो. मी तो अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी माझे डोळे ओले झाले आहेत. ते मी नाकारीत नाही. पण पुन्हा पाहाल तेव्हा त्याच्या आरंभाकडे लक्ष द्या. डॉक्टर भास्कर बॅनर्जी झोपडपट्टीत रोगी तपासतो आहे आणि हताश झाला आहे. कारण ह्या माणसांचा खरा रोग भूक व दारिद्र्य आहे आणि त्यावर त्याच्याजवळ औषध नाही. हा चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न. मग आनंद येतो, आणि ती वस्ती कथेच्या मध्यातून निघून जाते. भास्कर पुढे पुस्तक लिहितो आणि त्याला पारितोषिक मिळते. ते पुस्तक अर्थात आनंदवर असते.

ही योजना अकुशल आहे असे मी म्हणत नाही. उलट ती फार कुशल आहे. ज्या रोगावर इलाजच नाही असा रोग निवडला की पैसा, अंतर, वेळ हे सारे प्रश्न आपोआप गैरलागू होतात. उरते ते केवळ मरणाला सामोरे जाण्याचे धैर्य. कर्करोग हा समतेचा पुतळा होतो: राजाला व रंकाला सारखाच. आपल्या वाङ्मयात क्षयाची जागा कर्करोगाने घेतली ती ह्याच सोयीमुळे, असे मला वाटते. अमेरिकन लेखिका सुसान सोन्टाग ह्यांनी १९७८ साली रोगाला रूपक बनविण्याच्या ह्या खोडीवर एक पुस्तकच लिहिले. पण त्यांचा रोख रूपकामुळे रोग्याला वाटणाऱ्या लाजेवर व भयावर होता. आपल्याकडे रूपकाने आणखी एक काम केले आहे: त्याने हिशेब पुसून टाकला आहे.

आता तो हिशेब पाहू. १९४१ साली मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे पुढे १९५२ मध्ये निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. मुंबईतल्या निरनिराळ्या धर्मांच्या व जातींच्या लोकांत निरनिराळे कर्करोग का दिसतात, हा त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा विषय. पारशी स्त्रियांत स्तनाचा अधिक, हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा अधिक. वंश-वंश म्हणून बोलायला ही केवढी मोठी संधी होती! पण खानोलकरांनी बोट ठेवले ते लोकांच्या सवयींवर व राहणीवर: तंबाखू कशी घेतात, चुट्टा कसा ओढतात, लग्न कोणत्या वयात होते, अंगावर काय नेसतात. जन्मापेक्षा जगण्याची रीत त्यांना बोलकी वाटली. त्यानंतर १९६३ साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदवही सुरू झाली आणि ह्या प्रश्नाला आकड्यांचा पाया मिळाला. १९८७ पासून बार्शीस खेड्यांसाठी अशी नोंदवही ठेवली जाऊ लागली. पुढे वर्धा जिल्ह्याचीही सेवाग्रामहून ठेवली जाऊ लागली.

परंतु रोग कोणाला होतो हा एक प्रश्न आणि रोग झाल्यावर कोण जगतो हा दुसरा. अमेरिकेत दुसरा प्रश्न वर्णाच्या नावाने विचारला जातो. तेथे काळ्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच होतो, पण त्याने मरण्याचे त्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहे. ह्यात शरीरधर्माचा भाग मुळीच नाही असे नव्हे; ह्या रोगाचा एक चिवट प्रकार काळ्या स्त्रियांत दुपटीने आढळतो. पण न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील शल्यविशारद डॉ. हेरल्ड फ्रीमन ह्यांनी जे दाखविले ते मुळातून पाहण्यासारखे आहे. त्यांच्या रुग्णालयात १९६४ ते १९८६ ह्या काळात आलेल्या स्तनकर्करोगाच्या स्त्रियांपैकी पाच वर्षे जगल्या त्या ३९ टक्के. बहुतेक काळ्या, बहुतेक गरीब, आणि अर्ध्याच्या आसपास उशिराच्या अवस्थेत आलेल्या. मग त्यांनी फुकट तपासणी सुरू केली आणि १९९० पासून प्रत्येक रोगिणीमागे एक वाटाड्या दिला. कागदपत्र, तारखा, पैसा, भीती ह्यांतून तिला हात धरून पलीकडे नेणारा. १९९५ ते २००० ह्या काळात तोच आकडा ७० टक्क्यांवर गेला. स्त्रियांचा वर्ण बदलला नव्हता. उपचारापर्यंतची वाट बदलली होती.

मराठीत ‘वर्ण’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही आपल्याला बोचणारे आहेत. आपली वैद्यकीय कोष्टके बहुधा जात विचारीत नाहीत. ती क्वचित शिक्षण विचारतात. आणि कोणाच्या घरी शिक्षण किती पिढ्या आधी पोहोचले हे सांगताना जात आपोआप सांगून होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय मृत्युपाहणीत ३० ते ६९ वयाच्या माणसांचे कर्करोगाने होणारे मरण मोजले होते. दर लाख निरक्षर स्त्रियांमागे १०६.७, सर्वाधिक शिकलेल्या स्त्रियांत ४३.४. पुरुषांतही तसेच: १०६.६ आणि ४५.७. म्हणजे दुपटीहून अधिक. आणि खेडे व शहर ह्यांत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. हे साम्य पाहून कोणी समाधान मानू नये. नोंदवह्यांत शहरांतील रोगाचे प्रमाण खेड्यांहून बरेच अधिक दिसते. ज्या खेड्यात रोग कमी नोंदला जातो आणि मरण तेवढेच येते, तेथे एक तर रोग ओळखला जात नाही किंवा ओळखल्यावर माणूस वाचत नाही. दोन्ही गोष्टींना नियती म्हणण्याची आपल्याला सवय आहे.

देशातल्या देशातही वाटा किती वेगळ्या! २०१२ ते २०१५ ह्या काळात स्तनकर्करोगाचे निदान झालेल्या भारतीय स्त्रियांपैकी पाच वर्षे जगणाऱ्या ६६.४ टक्के निघाल्या. पण मिझोराममध्ये ७४.९ आणि अरुणाचलातील पासीघाटला ४१.९. अमेरिकेत हाच आकडा नव्वदीच्या घरात आहे. माझ्या जिल्ह्यात २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे तेरा लाखांवर माणसे आहेत आणि त्यांतली दोनतृतीयांश खेड्यांत. आठ तालुके. सेवाग्राम व सावंगी येथे दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पाऊणशे किलोमीटरांवर नागपूर आहे. महाराष्ट्रातील कितीतरी जिल्ह्यांना हेवा वाटावा अशी ही स्थिती. परळ मात्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. कारंजा किंवा आष्टी तालुक्यातील बाईच्या दृष्टीने पाहा: तिच्यापासून सेवाग्रामचे अंतर किलोमीटरांत मोजायचे की बुडालेल्या रोजांत? पुरुषांचेही तेच. खर्रा चघळून तोंड उघडेनासे होते, गालात न भरणारी जखम राहते; पण दुखत नाही तोवर ती जखम नव्हेच, असा आमच्याकडचा नियम आहे.

आता पुन्हा कलाकृतींकडे वळतो. कारण कोणी म्हणेल की हा सारा आरोग्यखात्याचा विषय, समीक्षकाचा नव्हे. ‘श्वास’ हा संदीप सावंत ह्यांचा चित्रपट २००४ चा, माधवी घारपुरे ह्यांच्या कथेवर आधारलेला. कोकणातील एक आजोबा नातवाला घेऊन पुण्यास येतात. मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर डोळे जाणार. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला रुग्णालयाबाहेर नेतात आणि जग दाखवून आणतात. ‘आनंद’च्या तुलनेत हा चित्रपट माझ्या मते कितीतरी प्रामाणिक आहे. येथे रोगी दूरच्या गावाहून आला आहे, त्याला शहराची भाषा कळत नाही, डॉक्टरला वेळ नाही, आणि दोघांच्या मध्ये उभी राहणारी एक समाजसेविका आहे: हार्लेमच्या वाटाड्याची जणू सख्खी बहीण. दारिद्र्य व अंतर ही येथे नुसती पार्श्वभूमी नाही. दृश्यादृश्याला ती आडवी येतात.

आणि तरीही शेवटच्या दिवसाच्या कारुण्यात एक प्रश्न बुडतो. ह्या रोगाची पहिली खूण पुष्कळदा साधी असते: बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक. ती लवकर ओळखली गेली तर मूल वाचते, आणि डोळाही वाचण्याचा पुष्कळ संभव असतो; संपन्न देशांत शंभरातील पंचाण्णव मुले वाचतात. तेव्हा जे आजोबांना अटळ म्हणून सांगण्यात आले, ते केव्हापासून अटळ झाले? चित्रपटाचे लक्ष तिकडे नाही. तसे असणे बंधनकारक आहे असेही मी म्हणत नाही. पण आपण समीक्षकांनी तो प्रश्न विचारला नाही, हा दोष आपला. आपण ‘नियतीचा आघात’ असे लिहिले आणि पुढे गेलो. मीही तसेच लिहिले होते.

ह्याच्या उलट ‘श्यामची आई’ घ्या. आपण ते पुस्तक भाबडे म्हणून बाजूस ठेवतो. पण त्यात आईचे दुखणे आणि घरावरचे कर्ज ही दोन प्रकरणे वेगळी राहत नाहीत. सावकाराचा माणूस आणि आजार एकाच उंबऱ्यात उभे असतात. साने गुरुजींना नियती ठाऊक नव्हती असे नाही. पण तिच्या नावावर काय लिहायचे आणि काय नाही, हे त्यांना ठाऊक होते.

अटळ हा शब्द किती जपून वापरावा ह्याचा सर्वांत कठोर पुरावा आपल्या मराठवाड्यातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व टाटा स्मारक ह्यांच्या सहभागाने, १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटातील सुमारे चौतीस हजार स्त्रियांची, रोगाला कारण होणाऱ्या विषाणूसाठी, आयुष्यात एकदा तपासणी केली. दुसऱ्या गटातील साडेएकतीस हजारांना नेहमीची, म्हणजे जवळपास नसलेली, सोय मिळाली. आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने पहिल्या गटात ३४ स्त्रिया मेल्या, दुसऱ्यात ६४. दुसऱ्या गटाला तपासणी का दिली नाही ह्यावर पुढे तीव्र टीका झाली आणि ती अस्थानी नव्हती. पण ती टीका करताना हेही आठवावे की आपले सारे जिल्हे तेव्हा त्या दुसऱ्या गटातच होते. आणि त्यांच्यावर प्रयोग चालू नव्हता, म्हणून कोणी टीकाही केली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या स्त्रियांना शिकवून, शिरक्याच्या साध्या द्रावाने तपासणी केली, तेव्हाही ह्या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एवढे स्वस्त शस्त्र ज्या शत्रूवर चालते त्याला नियती म्हणणे म्हणजे नियतीचाही अपमान आहे.

माझ्या जिल्ह्याला ह्या बाबतीत पूर्वपुण्याई नाही असे नाही. महारोगाने ग्रासलेल्या परचुरे शास्त्र्यांना गांधीजींनी आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांचे अंग चोळले. त्याआधी १९३६ सालीच मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम काढले होते. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने भोवतीच्या खेड्यांसाठी ज्वारीचा विमा सुरू केला: सुगीला प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि गरजेप्रमाणे उपचार घ्यायचा. डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो चालविला. मोठमोठ्या समाजवादी प्रबंधांपेक्षा मला ही पायली अधिक अर्थपूर्ण वाटते. २०१३ अखेर राज्याची विमायोजना सर्व जिल्ह्यांत आली, आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते आणि कर्करोगाचा खर्च उचलते. हे मोठे काम आहे. परंतु शस्त्रक्रियेचे बिल भरणारी योजना वेचणीचा बुडालेला रोज भरीत नाही, आणि दुखत नसताना तपासून घे असे सांगायला दारात येत नाही. माझ्या विद्यार्थ्याची आई ह्याच फटीतून खाली गेली.

एक आक्षेप मला मनापासून छळतो आणि तो टाळून चालणार नाही. शेवटच्या दिवसांत ती बाई स्वतः म्हणत होती, “देवाच्या मनात होतं.” मग मी कोण तिच्या तोंडचा शब्द काढून घेणारा? ह्याचे उत्तर मला बऱ्याच दिवसांनी सापडले. मरणाऱ्याला नियती म्हणण्याचा अधिकार आहे. तो त्याचा अखेरचा आधार आहे आणि त्याने घरच्यांना दिलेली माफीही आहे. पण तोच शब्द आपण, बाजूला उभे राहिलेल्यांनी, उच्चारला की ती माफी आपण स्वतःला देऊन घेतो. एकच शब्द, तिच्या तोंडी करुण, माझ्या तोंडी सोयीचा. वाङ्मयात शब्द कोणाच्या तोंडी आहे ह्याला महत्त्व असते, हे मी मुलांना शिकवीत होतो आणि स्वतः विसरलो होतो.

तेव्हा माझी दुरुस्ती अशी. फळ्यावर दोन शब्द पुरत नाहीत. ‘अपघात’ आणि ‘नियती’ ह्यांच्या मध्ये ‘उशीर’ हा तिसरा शब्द हवा, आणि आपल्या देशातील बहुतेक मरणे त्याच्या खाली येतात. त्याने शोकांतिका कमी दर्जाची होत नाही. जे टळू शकत होते ते घडताना पाहणे हे अटळ पाहण्यापेक्षा सोपे नाही. फक्त त्यात प्रेक्षकाला अश्रू ढाळून सुटता येत नाही.

कथा-कादंबरीकार मित्रांना माझी एकच विनंती आहे. तुमच्या पुढच्या कथेत कोणी कर्करोगाने मरणार असेल तर अवश्य मारा. मात्र आधी तुमच्या टिपणवहीत तीन गोष्टी लिहून ठेवा, कथेत आल्या नाहीत तरी चालतील: पहिली खूण कोणत्या महिन्यात दिसली, डॉक्टरपुढे ती कोणत्या महिन्यात गेली, आणि मधल्या महिन्यांत शेतात कोणते काम चालू होते. मग नियतीच्या नावावर काय उरते ते पाहा.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे वेचणी सुरू झालेली असेल.